पाखराचं धान

डमडमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर यंदा निर्मलाचा घट असा काही तरारला होता की दृष्ट लागावी. एरवी कोलकात्यात तिचा गहू निम्मा कुजायचा, उरलेला पिवळा पडायचा आणि कऱ्हाडहून सासूबाई, श्यामलाबाई, व्हिडिओ कॉलवर हळहळायच्या, "परमुलखात देवीचंही मन रमत नाही गं." नाव देवीचं आणि रोख सुनेवर, हे न कळण्याइतकी निर्मला काही भोळी नव्हती.

यंदा मात्र श्यामलाबाई रोज आरतीच्या वेळी धान बघायच्या आणि म्हणायच्या, "हाताला गुण आहे हो तुझ्या!" इतक्या वर्षांत हे वाक्य प्रथमच ऐकलेली निर्मला जपून पाणी शिंपडायची, पंख्याचा वारा लागू नये म्हणून पाट आडवा लावायची आणि कारण नसताना हसायची.

शेजारच्या लाहिरीबाई घटस्थापनेच्याच दिवशी डोंगरात फिरायला गेल्या होत्या. जाताना टुकू नावाचा हिरवा लव्हबर्ड आणि दाण्यांची बरणी निर्मलाकडे ठेवून बंगालीत 'वहिनी' अशी हाक मारून बजावून गेल्या होत्या, "बौदी, दाना खतम नहीं होना चाहिए."

अष्टमीच्या सकाळी टुकू अंग फुगवून कोपऱ्यात बसलेला दिसला. पिंजऱ्यातलं भांडं तर पहिल्या दिवसापासून होतं तसंच काठोकाठ भरलेलं होतं. निर्मलानं त्यात बोट घातलं आणि तळापर्यंत ढवळलं. सगळी फोलपटं! दाणे सोलून खाऊन स्वारीनं टरफलं तिथेच टाकली होती. बरणी पाहिली, तर ती धुऊन पालथी घातलेली. तिनं नवऱ्याला हाक मारली.

"हेमंत, या बरणीतले दाणे कुठायत?"

"ते? ते तर मी घटात पेरले. तूच म्हणालीस ना, ओट्यावरचा गहू घाल म्हणून."

"गहू डब्यात होता! तुला गहू ओळखता येत नाही?"

"पीठ येतं," हेमंत प्रामाणिकपणे म्हणाला. "मला वाटलं, बंगालचा गहू असाच लांबुळका असेल."

त्यानं घाईघाईनं मोबाईलवर शोधलं. "कॅनरी गवत म्हणतात याला. दरवर्षी नव्यानं पेरतात, खास पक्ष्यांच्या दाण्यांसाठी. कणसं भरायला मात्र तीन-चार महिने लागतात."

"तोवर टुकूला काय, उपास धरायला सांगू?"

हेमंत दाणे आणायला धावला. दुकानाचं शटर पूजेसाठी बंद होतं. परतताना तो मंडपाच्या रांगेत असा सापडला की दोन मंडपांचं दर्शन घेऊन, द्रोणात खिचडीचा भोग घेऊनच घरी आला. टुकूनं खिचडीकडे पाठ फिरवली. तांदूळ, पोहे, बाजरी, कशालाच तो चोच लावेना. संध्याकाळी तर त्याचे डोळे मिटू लागले.

"हे पक्षी कोवळी पातीही खातात म्हणे," हेमंत हळूच म्हणाला.

"दसऱ्याआधी धानाला नखसुद्धा लावायचं नसतं!"

"अगं, पण तो मरेल."

निर्मलाला रडू फुटलं. "एकदाच काहीतरी चांगलं म्हणाल्या रे आई मला."

पण टुकूकडे बघवेना. घट हलवायचा नसतो, म्हणून तिनं पिंजराच घटाशी नेला, हात जोडले आणि दार उघडलं. टुकू डुगडुगत बाहेर आला. त्यानं एक पातं ओढलं. मग दुसरं. मग जो काही सपाटा लावला! निर्मला डोळे पुसत बघत राहिली.

तेवढ्यात आरतीची वेळ झाली आणि फोन वाजला.

"निर्मला, घटात ते काय हलतंय गं?"

हेमंत कुजबुजला, "नेटवर्क गेलं म्हण." पण निर्मलानं बरणी, फोलपटं, गहू, सगळं एका दमात सांगून टाकलं.

श्यामलाबाईंनी चेहरा पडद्याजवळ आणला.

"खातोय का?"

"हो, आई. दिवसभर उपाशी होता."

"जन्मभर धान उगवलं," श्यामलाबाई सावकाश म्हणाल्या. "दसऱ्याला टोपीत खोवलं, केसांत माळलं, उरलेलं नदीत सोडलं. कुणाच्या पोटात गेलेलं आज पहिल्यांदा बघतेय. खाऊ दे त्याला पोटभर."

निर्मलानं फोन घटाच्या आणखी जवळ धरला. हेमंतचा मात्र जीव भांड्यात पडला. त्यानं हसऱ्या चेहऱ्यानं कॅमेऱ्यासमोर तोंड आणलं. "आई, बाकी तू कशी आहेस?"

"बरी आहे. तू जरा बाजूला हो बघू, तो दिसत नाहीये."