तांब्याच्या पाटीची मोहीम आणि तळमजल्याचा वेढा

इमारतीची लिफ्ट दुरुस्त होऊनही कुलपात का राहिली, याची हकीकत थोरांनी पुसिली, त्यास सेवकाने जे डोळां देखिले आणि जिन्यात कानी आले ते लिहितो. पदरचे मीठ घातले नाही, चिमूटभर मसाला मात्र पडला असेल.

चौथ्या मजल्यावर आजोबा आणि तळमजल्यावर त्यांची धाकटी बहीण, जीस अवघी इमारत मावशी म्हणे. आजोबांचे गुडघ्याचे ऑपरेशन जाहले आणि मावशींस दम्याने जिना वर्ज्य, मग भावाबहिणीची भेट खुंटली. उभयतां जिन्याच्या पोकळीतून ओरडून सुखदुःख बोलत आणि मधले तीन मजले ते फुकट ऐकत.

लिफ्ट बिघडली ती दार उघडे टाकिल्याने. सबब सेक्रेटरीसाहेबांचे फर्मान सुटले की, दार उघडे टाकणारी माणसे शेजाऱ्यास वर अडकवितात, ऐशी तांब्याची पाटी लागल्याशिवाय कुलूप निघणार नाही. पाटी इंग्रजीत असावी, कारण आपल्या भाषेतली कोणी जुमानीत नाही. आणि मजकुरास सर्व मजल्यांची मान्यता असावी. मग साहेबांनी स्वहस्ते मसुदा केला आणि त्यात माणसांमागे, म्हणजे 'पीपल' या शब्दानंतर, 'व्हिच' बसविले.

तेथून रण पेटले. दुसऱ्या मजल्याच्या मास्तरीणबाई, पेन्शनीत असोनही खडू न सोडिलेल्या, गर्जल्या की व्हिच खुर्चीस लावावे, कपाटास लावावे, माणसास लाविल्यास तो मनुष्य फर्निचरांत जमा होतो, तेथे 'हू'च पाहिजे. तिसऱ्या मजल्याचे वकीलसाहेब 'हूम'चे निशाण घेऊन उतरले. कारण पुसता म्हणाले, वजनदार वाटते. पहिल्या मजल्याचे घरजावई, पेशाने संगणकवाले, यांनी 'दॅट'ची तरफदारी केली की हा गडी माणसांसही चालतो आणि वस्तूंसही, एका जागेत दोन कामे. बाईंनी दॅट अगदीच अशुद्ध नव्हे इतके कबूल केले, परंतु माणसांच्या पंगतीत पहिला पाट हूचा, यावरून तसूभर हटल्या नाहीत. मसलतीवर मसलत जाहली, चहाचे हंडे रिते जाहले, आणि लिफ्ट नवरीसारखी नटून कुलपात बसली.

आजोबा वरून ओरडले, "अरे, काय ते मेलं एकदा ठरवा! माणूस अडकलाय इथं!"

वकीलसाहेबांनी उत्तर धाडिले की, तोच मुद्दा विचाराधीन आहे.

हे मावशींनी ऐकिले आणि त्यांस बहुत संताप आला. पाण्याच्या पंपाची कळ त्यांचे स्वयंपाकघरी, हे वैऱ्यांचे ध्यानात राहिले नव्हते. दुसरे दिवशी प्रातःकाळी, मास्तरीणबाईंचे डोईस साबण, वकीलसाहेबांचे मुखी दंतमंजन आणि सेक्रेटरीसाहेब नको त्या जागी बसलेले, ऐसा मुहूर्त साधून त्यांनी अवघ्या इमारतीचे पाणी तोडिले.

अवघे सरदार टॉवेलानिशी दारी जमा जाहले. मावशी आतून म्हणाल्या, "माझा भाऊ वर, मी खाली, आणि मध्ये तुमचं इंग्रजी! आधी लिफ्ट, मग पाणी."

घरजावयांनी पुसिले, दोन बादल्यांपुरता तह होईल काय. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मग वाद मिटावयास साबण सुकण्याइतकाही अवकाश लागला नाही. व्हिच रणी पडले, हूम पळाले, दॅट शरण आले, हू गादीवर बसले. पाटी घडेपर्यंत मजकूर कागदावर लिहून चिकटविला आणि सेक्रेटरीसाहेबांनी एका हाताने टॉवेल धरून दुसऱ्याने कुलूप काढिले.

आजोबा लिफ्टमधून काठी टेकीत उतरले. मावशींनी त्यांस खुर्चीवर बसविले, पंप सुरू केला आणि पदराने डोळे पुसले. मग इतके दिवस जे ओरडून सांगता येईना, ते भावाच्या कानाशी लागून सांगावयास आरंभ केला. सेक्रेटरी, वकील, मास्तरीणबाई एकेकाकडे कटाक्ष टाकावा, कुजबुजावे, आणि आजोबांनी मांडी थोपटून हसावे. मधले तीन मजले पाणी भरणे सोडून जिन्यात कान लावून उभे राहिले, परंतु एकासही अक्षर उमगले नाही. येणेप्रमाणे मावशींची फत्ते जाहली, ती सेवकाने दप्तरी नोंदिली; सेवकासही काही ऐकू आले नाही.