रविवारची धाव, सोमवारचं रक्त

नवऱ्याच्या तब्येतीवर माझ्याइतकं बारीक लक्ष ठेवणारी बाई अख्ख्या सुपा गावात सापडणार नाही! बी.एस्सी. आहे मी, तेही प्राणिशास्त्रात. त्यात गेल्या वर्षी माझ्या आत्तेबहिणीचा नवरा क्रिकेट खेळताना मैदानात खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून योगेश जिना चढून आले तरी मी आधी त्यांचा श्वास मोजते, मग पिशवी घेते. लेक दोन वर्षांची आहे आमची.

योगेश इथल्याच एका कारखान्यात सहा वर्षं कंत्राटी. यंदा त्यांच्या विभागातला एकच जण कायम होणार होता. योगेश जुने, म्हणून नाव पहिलं; मागोमाग करण. फक्त सोमवारची आरोग्य तपासणी बाकी होती.

तपासणीचा फॉर्म घरी आला. त्यात ऐच्छिक चाचण्यांमध्ये हृदयाच्या हार्मोनची चाचणी होती. ताण आला की हृदय स्वतःच ते रक्तात सोडतं, हे मला कॉलेजपासून पाठ. योगेश नको म्हणत होते. मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली. अहवाल कंपनीला जाईल, ही बारीक अक्षरांतली ओळही वाचली. म्हटलं, बरंच आहे, साहेबांनाही कळू दे!

आता परीक्षा म्हटल्यावर उजळणी नको? एरवी पाच किलोमीटर पळणाऱ्या नवऱ्याला रविवारी मी पारनेर रस्त्यावर वीस किलोमीटर पळवलं. मागे स्कूटीवर मी, पुढ्यात लेक, हातात लिंबूपाणी. लोकांना वाटलं, बाई नवऱ्याला घराबाहेर हाकलतेय.

सोमवारी सकाळी रक्त दिलं, बुधवारी अहवाल आला. हार्मोन प्रमाणाबाहेर.

योगेशच्या विभागाचे छगनराव साहेब म्हणजे भला माणूस. त्यांनी योगेशना मशीनवरून उठवून खुर्चीवर बसवलं, डबासुद्धा उचलू देईनात. पारनेरहून सासूबाई आल्या.

"म्या म्हनलं हुतं, पोराला पळवू नगं. घोडं हाय का त्ये?"

करणनेही योगेशचं बघून तीच चाचणी केली होती. त्याने त्या रविवारी आरशासमोर वजनं उचलली होती. त्याचं हृदय अगदी नॉर्मल.

नगरच्या डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि विचारलं, "रक्त देण्याआधी काय केलं होतं?"

योगेशनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की तासन्‌तास पळालं की हृदयाच्या भिंती ताणल्या जातात आणि हे हार्मोन वाढतं. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं. वजनं उचलण्याचा जोर थोड्या वेळाचा, त्यात बहुधा इतकं वाढत नाही. तरी त्यांनी सगळं तपासलं, पुन्हा रक्त घेतलं. हृदय ठणठणीत!

नवा अहवाल घेऊन योगेश धावतच कंपनीत गेले. करणचं कायम झाल्याचं पत्र आदल्या दिवशी निघालं होतं. छगनरावांनी पाठीवर हात ठेवला, पुढच्या यादीत बघू म्हणाले, आणि खुर्ची पुढे सरकवली.

घरी येऊन योगेशनी कागद माझ्या हातात दिला.

"माधुरी, पहिला अहवाल कंपनीच्या फायलीला लागलाय. हा तू घरात लाव."

मी तो लेकीच्या लसीकरणाच्या कार्डाखाली ठेवला. आता भेटेल त्याला सांगते, लांब पळून आलात की लगेच ही चाचणी करू नका. लोक मान डोलावतात. ही चाचणी करायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.