तांब्याची पट्टी आणि सरांचा हातगुण

जगाचं तापमान खाली आणायचं काम मी आणि आमच्या सरांनी वाटून घेतलं होतं. भाषणं सर करायचे, बाकी सगळं मी!

युक्ती अगदी सोपी. पाण्यात तांब्याची पट्टी बुडवायची, धुराड्यातून निघतो तो कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा आणि वीज चालू करायची. पट्टीवर त्या वायूचं अल्कोहोल होतं. हवा स्वच्छ, कारखाने खूश!

बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं, तर म्हणाली, "धुराची दारू? बाहेर कुणाला सांगू नका! आणि नोकरी कधी पक्की होतेय ते बोला."

तिथेच तर घोडं अडलं होतं. माझा करार संपत आलेला. अल्कोहोल निघालं तर कायम, नाहीतर घरी. आणि पट्टी ढिम्म! मी नमुना तपासला की मशीन म्हणायचं, शून्य. सरांनी काढला की भरघोस अल्कोहोल!

"याला हातगुण लागतो," सर म्हणायचे. "तुमचं मन नाही कामात."

करार त्यांच्याच सहीने वाढणार, मी कशाला वाद घालू? उलट मीच गावभर सरांच्या हातगुणाचे गोडवे गात सुटलो. ते निधी देणाऱ्यांच्या कानावर गेले आणि त्यांच्या तपासनीस बाई थेट प्रयोगशाळेत हजर!

सरांना जंतूंची भयंकर धास्ती. दारातच त्यांनी कोपरापर्यंत सॅनिटायझर चोपडलं. मग बाटलीत नमुना घेतला, बूच लावायचं सोडून अंगठ्याने तोंड दाबलं आणि सरबत ढवळावं तशी बाटली खळखळून हलवली. मशीन म्हणालं, अल्कोहोल!

"पण हे बटण तर बंद आहे," बाई म्हणाल्या.

गडबडीत मी वीजच चालू केली नव्हती! सर मात्र डगमगतील तर शपथ.

"विजेशिवाय! म्हणजे हा तर आणखी मोठा शोध!"

"असं? मग नळाचं पाणी घ्या."

सरांनी पुन्हा हात चोळले, नळाचं पाणी घेतलं, अंगठा दाबला, हलवलं. अल्कोहोल दुप्पट!

"अहो बाई, ही क्रांती आहे, क्रांती!"

बाईंनी वाकून सरांचा अंगठा हुंगला. "क्रांती नाही, सॅनिटायझर आहे."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मी पाहिला नाही. करार माझाही होता ना!

"शून्यवाले नमुने कुणाचे?" बाईंनी विचारलं.

"माझे," मी चाचरत म्हणालो.

"इथे तेवढेच खरे आहेत. यांना कायम करा!"

केलं हो! घरी बायकोने औक्षण करायचंच बाकी ठेवलं. मोठ्या अभिमानाने ती नातेवाइकांना सांगत असते, "आमचे हे आता नमुना शुद्धता अधिकारी!" काम काय असतं, ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. प्रयोगशाळेच्या दारात स्टूल टाकून बसायचं, आणि सरांना आत येऊ द्यायचं नाही.