'आगीनपाखरू' कुणी पळवलं?

शिरूर कासार तालुक्यात गुप्तहेर एकच, आणि ती मी. नाव चंद्रभागाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पेशा निवृत्त शिक्षिका. पण तो वरवरचा. बाहत्तरच्या दुष्काळात हरवलेली सरपंचांची कोंबडी मी अकरा दिवसांत शोधून काढली होती. तोवर ती रस्सा होऊन गेली होती, हा भाग वेगळा. माझी नजर घारीची. मोतीबिंदू काढल्यापासून तर दोन घारींची.

माझी मदतनीस म्हणजे सून मंगल. आपण मदतनीस आहोत हे तिला मान्य नाही.

दसऱ्याला माझी कादंबरी नाहीशी झाली. नाव 'आगीनपाखरू'. काळ निजामाचा, पण लेखकानं सगळा काळच वाफेवर चालवलेला. औरंगाबादेत पितळेचे उंट धावतात, नवाब वाफेच्या पालखीतून फिरतात आणि गुलनार नावाची लोहाराची पोरगी उडतं यंत्र बांधते. इतिहास मी तीस वर्षं शिकवला. त्यात एकही पोरगी उडाली नाही. शिवाय लहानपणी परळीच्या स्टेशनात पाहिलेलं कोळशाचं इंजन अजून माझ्या नाकात आहे. पहिल्या पानावर वाफ सुटली आणि मला तोच वास आला.

ही कादंबरी मी रोज दुपारी मारुतीच्या पारावर बायडाबाईला आणि तिच्या टोळीतल्या बायांना वाचून दाखवायचे. बायडाबाई दरसाल ऊसतोडीला जाते. तिला वाचता येत नाही, पण ऐकताना पापणी हलत नाही.

"पंधरा वर्सं झाली, बाई, कारखान्याची वाफ लांबून बघते," ती म्हणायची. "आत बाईमाणसाला कोन जाऊ देतंय? अन् हितं पोरगी सोता चाक फिरवती!"

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. कोळसा संपलेला, पाखरू दौलताबादच्या किल्ल्यावर तरंगतंय आणि खाली इंग्रज साहेबाचा वाफेचा हत्ती सोंड वर करून उभा. तिथंच पुस्तक गायब! आणि टोळीचा ट्रॅक्टर चार दिवसांनी सकाळी आठला निघणार.

"म्हंजी सा महिने ती पोरगी तशीच लटकनार?" बायडाबाई म्हणाली. "मला उसाच्या फडात झोप लागंल का, बाई?"

मी तपास हाती घेतला.

पहिला संशय आश्रुबाच्या शेळीवर. ती कागद खाते हे जगजाहीर आहे. मी तिच्या पोटाला कान लावला. आत गुडगुड होत होती. थेट वाफेच्या यंत्रासारखी.

"आश्रुबा, हिनं कादंबरी खाल्ली आहे."

"न्हाई वो बाई," आश्रुबा तंबाखू मळत म्हणाला. "मागं हिनं इलेक्शनचा जाहीरनामा खाल्लता, तवापासून छापील कागदाला तोंड लावीत न्हाई."

दुसरा संशय उत्तरेश्वर मुकादमावर. टोळी त्याची. बायका पारावर रमल्या की त्याची आवराआवर खोळंबते. म्हणजे हेतू पक्का. त्याच्या बोटांना काळं लागलेलं होतं. म्हणजे कोळसा, म्हणजे पुरावा.

"हे ग्रीस हाय, बाई," तो ट्रॉलीखालून ओरडला. "मला बारा कोयते, चार बैलं अन् एक बोकड न्यायचाय. तुमचं पाखरू मी कुठं बसवू?"

तिसरा निष्कर्ष मी घरी येऊन मांडला. "मंगल, चोर खुद्द लेखक आहे. इतिहास खोटा लिहिला म्हणून पुरावा नष्ट करायला तो आला होता."

"कावून यील तो?" मंगल भाकरी थापत म्हणाली. "आपला पाव्हना लग्नाला बोलावून बी येत न्हाई हितं."

मी सगळ्या गावाला वर्णन देऊन ठेवलं होतं: जाड पुस्तक, वर पितळी पक्षी. कुणालाच दिसलं नाही.

टोळी निघायच्या दिवशी सकाळी सात वाजता देवघरातून मंगलची हाक आली.

"आत्याबाई, आपल्या पोथ्या तीन हायत ना? मग ह्या चार कशा?"

तर झालं होतं असं. मुकादमानं "कामं सोडून गोष्टी कसल्या ऐकता" म्हणू नये म्हणून मीच कादंबरी पोथीसारखी लाल कापडात बांधली होती. लाल कापड सुटताना दिसलं की पुरुष गुमान निघून जातात. दसऱ्याला सरस्वतीपुढे पुस्तकं मांडली आणि पूजा झाल्यावर लाल गाठोडी तेवढी देवघरात उचलून ठेवली. तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ 'आगीनपाखरा'ला हळद-कुंकू वाहत होते, आणि चोर सापडू दे म्हणून त्याच्याच पाया पडत होते.

मंगल हसून हसून खाली बसली. मला बसायला वेळ नव्हता.

पोचले तेव्हा ट्रॅक्टर धडधडत होता. बायडाबाई ट्रॉलीत भांड्यांवर बसली होती. मी चाकावर पाय देऊन वर चढले. कशी, ते विचारू नका.

"इंजन बंद कर बे!" मुकादम ड्रायव्हरवर ओरडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन मिंटं. फक्त."

मी वाचू लागले. गुलनारनं भट्टीत खुर्ची टाकली, नकाशे टाकले, ओढणी टाकली. तरी पाखरू खाली येतच होतं. पुढचं पान उलटलं आणि पहिली ओळ मी मनातच वाचली. मेल्या लेखकानं तिला खंदकात पाडून मारली होती.

"चिपाड टाक म्हनावं तिला!" बायडाबाई ओरडली. "कारखान्याच्या बॉयलरात तेच जाळत्यात! टाकलं का, बाई?"

सगळी ट्रॉली माझ्या तोंडाकडे बघत होती. बोकडसुद्धा.

"टाकलं," मी पानावर बोट ठेवून वाचलं. "गुलनारनं भट्टीत उसाचं चिपाड टाकलं. भक्कन जाळ झाला. पाखरानं अशी काही झेप घेतली, की साहेबाचा हत्ती सोंड वर करून बघतच राहिला. संपूर्ण."

बायांनी टाळ्या पिटल्या. बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले. मी घाईनं पुस्तक मिटलं.

उत्तरेश्वर मुकादम मात्र डोकं खाजवत उभा होता. "पर बाई, दौलताबादच्या वर, आभाळात, उसाचं चिपाड आलं कुठून?"

एवढ्या तपासात कुणी विचारलेला हा पहिला खरा गुप्तहेराचा प्रश्न होता.

"तुमाला काय करायचंय, मुकादम?" बायडाबाई कडाडली. "उडालं न्हवं? मग चालू करा ट्रॅक्टर."