मुक्काम पोस्ट कोसमटोला

केन्जीला कोणी नाव विचारलं की तो पत्ता सांगायचा.

"केन्जी, मुक्काम पोस्ट कोसमटोला, तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा." सगळं एका दमात, छाती थोडी पुढं काढून. बाजारात वांगी विकणारीनं विचारलं तरी हेच आणि छोट्या रुळांच्या रेल्वेत तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं तरी हेच. एकदा पाय मुरगळला म्हणून त्याला सिंदेवाहीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कुठं दुखतं? यानं आधी पत्ता सांगितला, मग घोटा दाखवला.

खरं तर कोसमटोल्याला मुक्काम होता, पोस्ट नव्हतं. टपाल सिंदेवाहीला येऊन पडायचं. मी त्याला हे दोनतीनदा समजावलं. तो म्हणाला, "येईल न बाबू. मी आलो, तं पोस्ट काऊन नाई येणार?"

मी मूळचा नागभिडचा, त्या गावच्या कोसा केंद्रावर कारकून होतो. कोसा म्हणजे रानातल्या ऐनाच्या झाडांवर किडे पोसून काढलेलं रेशीम. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि मी. चौपन्न साली वरून कागद आला, की विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत एक जपानी तरुण दोन वर्षं कोसा शिकायला येतो आहे, त्याची व्यवस्था करावी. कागद मिळाला त्याच दिवशी तरुणही मिळाला. हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर बैलगाडीवाल्याची टोपी, आणि बैलगाडीवाला बोडका. टोपी कशी गेली ते त्यालाही सांगता येईना.

तेव्हा सगळीकडे जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम चालू होती. आपल्या हद्दीत सगळा जपानी माणूसच सापडला म्हटल्यावर शेतकीचे एक साहेब धावत आले. म्हणाले, यांच्याकडून प्रात्यक्षिक करून घ्या. केन्जी घाबरला. तो शहरातल्या मासेविक्याचा मुलगा, त्यानं भात फक्त वाटीत पाहिला होता. पण साहेबांना नाही म्हणायचं नाही, हे तोवर मी त्याला शिकवलं होतं. मग सरकारची मराठी पुस्तिका मी त्याला आठवडाभर हातवारे करून वाचून दाखवली. जपानी माणसाला जपानी पद्धत नागभिडच्या कारकुनानं शिकवली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी भाताच्या बांधीत दोरी बांधली आणि हा चिखलात उतरला. दोरी सरळ होती, त्याची ओळ मात्र नदीसारखी वळत गेली. रोवणी करणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. भागरताबाई नावाची धिवर समाजातली विधवा होती, तिनं त्याच्या हातातली रोपं काढून घेतली आणि न बघता सरळ ओळ लावून दिली. साहेबांनी वहीत लिहिलं, प्रात्यक्षिक यशस्वी. संध्याकाळी केन्जी तोवर गावात उचललेल्या मोडक्या मराठीत मला म्हणाला, "जपानी पद्धत त्या बाईले येते. मले नाई."

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन तो भागरताबाईच्या पडवीत राहायला गेला. बाईनं विचारलं, काऊन आला? म्हणाला, शिकायले.

मराठी नीट बोलणं त्यानं तिच्याकडून उचललं, लिहिणं माझ्याकडून. रोज दुपारी माझ्या टेबलापाशी बसून माझ्या जुन्या मसुद्यांवरून गिरवायचा. माझं अक्षर चांगलं होतं. त्या वयात माझ्यापाशी मिरवण्यासारखं तेवढंच होतं. माझ्या 'ळ'ची शेपटी लांब जायची, तीही त्यानं उचलली. कपाटातला कुठलाही कागद काढून तो सांगायचा, हे तुझं, हे आधीच्या बाबूचं. "तुझं अक्षर मी कुठीबी ओळखतो," असं म्हणून टिचकी वाजवायचा. दिवसातून दोनदा तरी. मला ते फार आवडायचं.

आता कोशाच्या रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं.

किडे झाडावर चढले की राखणीचा माणूस रानातच राहतो. दाढी करत नाही, मासमच्छी खात नाही, गावात येत नाही. हातात गुलेल, डोळा पाखरांवर. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे परक्याची सावली त्या झाडांवर पडता कामा नये. पडली तर किडे गळतात. म्हणून घरच्याशिवाय राखणीला कोणी बसत नाही. पहिल्या वर्षी केन्जीला रानाच्या कडेलाच उभं केलं होतं. तो तिथूनच दिवसभर बघायचा आणि वहीत लिहायचा. दुसऱ्या वर्षी भागरताबाईनं आपल्या झाडांच्या राखणीची गुलेल त्याच्या हातात दिली. तो त्या दिवशी गावातल्या प्रत्येक दारात जाऊन आपला पत्ता सांगून आला. लोक म्हणाले, मालूम हाये गा, जाय आता.

दाढी त्याला सातच केसांची यायची. ती त्यानं महिनाभर राखली. नेम इतका वाईट होता की पाखरं घाबरायची नाहीत, पण तो किड्यांशी बोलत राहायचा आणि त्या आवाजानं पाखरं उडायची. त्या हंगामात कोसे, म्हणजे किड्यांचे कोश, चांगले उतरले. भागरताबाई म्हणाली, पोट्ट्याच्या बडबडीचा गुण आहे.

छप्पन साली त्याची मुदत संपत आली. विद्यार्थी म्हणून आलेल्यानं परत जायचं, असा नियम. केन्जीनं कायम रहिवासी होण्यासाठी अर्ज केला. अर्ज मीच लिहिला. घरी कोण आहे विचारलं की तो म्हणायचा, "मासे हायेत." आम्ही हसायचो. मी लिहिलं, जवळचे नातेवाईक नाहीत.

अर्ज गेल्यावर आठवड्यात मला कळलं, की केंद्रावर प्रात्यक्षिकाची पक्की जागा निघते आहे आणि केन्जी कायम झाला तर ती त्यालाच देण्याचा वरिष्ठांचा विचार आहे. मी तीन वर्षं हंगामी होतो. ती जागा मी मनात केव्हाच घेऊन टाकली होती, लग्नाचंही तिच्यावरच ठरवलं होतं.

भादव्यात चौकशीला एक जमादार आला. किडे झाडावर होते आणि केन्जी रानात. जमादारानं गावात विचारलं, इथं कोणी परका माणूस राहतो का? आता राखणीला बसलेला माणूस परका आहे असं कबूल करायचं म्हणजे सगळा कोसा बाटला असं म्हणण्यासारखं. आणि तसंही तो परका आहे असं कोणाला वाटतच नव्हतं. भागरताबाई म्हणाली, परका कोणी नाही, सगळे घरचेच. पाटलानं मान हलवली. मागोमाग सगळ्या गावानं हलवली.

जमादाराला लिहायचा कंटाळा. त्यानं कोऱ्या कागदावर पंचांचे अंगठे घेतले आणि माझ्या खोलीत येऊन म्हणाला, बाबू, तुम्हीच उतरवा. त्यानं सांगितलं ते मी लिहिलं. 'सदर गावी कोणीही परदेशी इसम राहत नाही.' लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "बरोबर न?"

एका वाक्याचं काम होतं. इथून पाव कोसावर तो बसला आहे, चला दाखवतो. मी टीपकागद दाबला आणि म्हणालो, बरोबर.

हंगाम संपता संपता उत्तर आलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही, अर्ज नामंजूर, महिन्याभरात देश सोडावा. केन्जीनं कागद वाचला. बाकी कशाचं नाही, पण 'पत्त्यावर आढळून आला नाही' या शब्दांवर त्यानं बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथंच राहिलं.

गावाला कळल्यावर लोकांनी जमादाराला शिव्या घातल्या. आजही घालतात. मी कधी थांबवलं नाही.

भागरताबाई मात्र शिव्या देत बसली नाही. तिनं टोपलीभर कोसे घेतले, पाटलाला उठवलं, आणि आम्ही नऊ माणसं छोट्या गाडीनं चांद्याला गेलो. कागद वाचायला कोणीतरी हवं म्हणून मलाही नेलं. गाडीत तिकीटवाल्यानं केन्जीला नाव विचारलं. त्यानं फक्त नावच सांगितलं. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत राहिलो.

हापिसात वेगळाच गोंधळ. नुकताच आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. नागपूरची फाईल कोणाची हेच ठरत नव्हतं. तिथले साहेब सुस्वभावी होते. म्हणाले, राज्यच बदललं, मी काय करू? केन्जी तेवढ्यात म्हणाला, "मी जागचा हललो नाई सायेब. राज्यच हलून राह्यलं." साहेब हसले आणि तिथून ऐकू लागले.

त्यांनी जमादारानं नेलेला जबाब काढला. बाईला विचारलं, परदेशी कोणी राहत नाही असं तुम्ही बोललात?

"बोलली. आताबी तेच बोलतो," भागरताबाई म्हणाली. तिनं टोपली साहेबांच्या टेबलावर पालथी केली. कोसे घरंगळत दौतीपर्यंत गेले. "हा परका असता तं हे किडे मेले असते. एकबी मेला नाई. पाह्यून घ्या."

साहेबांनी एक कोसा उचलून बोटात फिरवला. मग केन्जीला विचारलं, तिकडं तुझं कोणीच नाही? मी वाट पाहत होतो की तो मासे म्हणेल.

"गल्ली होती. लढाईत जळली," तो म्हणाला. "माणसं गेली, अन् घराचा नंबरबी गेला. मी स्वतःले एक पत्र टाकून पाह्यलं होतं. वापस आलं. असा पत्ता नाई म्हणून."

पाटलानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

साहेबांनी जबाबाचा कागद पुन्हा हातात घेतला. म्हणाले, अंगठेवाल्यांचं मी समजू शकतो. पण हे कोणी लिहिलं? लिहिणाऱ्याला तर परदेशी म्हणजे काय ते कळत होतं. जमादार तोवर निवृत्त होऊन गावी गेला होता. मी जमिनीकडे पाहत होतो. फरशीला एक लांब तडा होता, तो मला अजून आठवतो.

केन्जीनं हात पुढं केला. कागद घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. 'राहत नाही'च्या खाली, अंगठ्यांच्या वर, 'वेळ' आणि 'स्थळ' लिहिलेलं होतं, 'ळ'च्या शेपट्या लांब गेलेल्या. त्यानं सगळं वाचलं.

"अक्षर लय चांगलं हाये सायेब," तो म्हणाला. "कोणाचं हाये, मले नाई सांगता येत."

आणि कागद परत दिला.

साहेबांनी फेरचौकशीचा आणि तोवर त्याला राहू देण्याचा हुकूम लिहिला. फाईल मुंबईला गेली, तिथून परत आली, पुन्हा गेली. वर्षभरानं कायम रहिवासाचा कागद हातात पडला. त्याआधी ओळख देणाऱ्या स्थानिक माणसाची सही हवी होती. पाटील तयार होते. केन्जी फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आला, नेहमीच्या जागी बसला आणि म्हणाला, तू लिही. मी लिहिलं. खाली सहीही केली, तोवर तो दुसरीकडे पाहत राहिला.

पक्की जागा त्याला देऊ केली तेव्हा तो नको म्हणाला. खोलीत बसून किड्यांशी बोलता येत नाही, असं कारण त्यानं लेखी दिलं. जागा मला मिळाली. माझा संसार तिच्यावर झाला. त्यानं लग्न केलं नाही. भागरताबाईला शेवटपर्यंत त्यानं सांभाळलं आणि तिला अग्नीही त्यानंच दिला. कोशाच्या कामात आमच्या जिल्ह्यात त्याच्या तोडीचा माणूस झाला नाही. दूरदूरहून लोक शिकायला यायचे आणि तो त्यांना पहिलं वर्ष रानाच्या कडेला उभं करायचा. पत्ता सांगणं पुन्हा सुरू झालं होतं. तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव बदललं की तो त्यात दुरुस्ती करायचा.

एक गोष्ट मात्र बंद झाली. चांद्याहून आल्यापासून 'तुझं अक्षर मी कुठीबी ओळखतो' हे वाक्य त्यानं माझ्याशी उच्चारलं नाही. टिचकी नाही. मी कित्येकदा बोलायला गेलो. तो लगेच किड्यांचं काहीतरी काढायचा.

बऱ्याच वर्षांनी कोसमटोल्याला पोस्ट आलं. शाळेच्या ओट्यावर एक टेबल, एक शिक्का, एक लाल पेटी. पहिल्याच सकाळी केन्जी कोरं कार्ड घेऊन माझ्या दारात. तोवर आम्ही दोघंही पिकलो होतो. म्हणाला, पत्ता लिहून दे. कोणाचा? म्हणाला, माझाच.

मी लिहिला. मुक्काम पोस्ट कोसमटोला. दुसऱ्या बाजूला काय लिहू विचारलं, तर म्हणाला, काही नको.

तिसऱ्या दिवशी पोस्टमननं ओट्यावर त्याचं नाव पुकारलं. सगळं गाव जमलं होतं. केन्जीनं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, आणि मला शोधत मान वळवली.

"हे आमच्या बाबूचं अक्षर हाये," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी कुठीबी ओळखतो."

आणि टिचकी वाजवली.