उपेक्षित इंग्रज संगीतकारांची निगा

थोर संगीतकाराला मान देणं सोपं असतं. त्याची उपेक्षा टिकवून धरायला शिस्तीची संस्था लागते. पिपरी मेघेत अशी संस्था आहे, ही जिल्ह्याला भूषणावह बाब होय.

'उपेक्षित इंग्रज संगीतकार रसास्वाद मंडळा'कडे चौदा सदस्य (बारा निवृत्त, दोन त्या वाटेवर), त्रेसष्ट तबकड्या आणि एक चालू रेकॉर्ड प्लेयर आहे. दर रविवारी प्रभाकररावांच्या हॉलमध्ये तबकड्या मलमलीनं पुसतात, वेष्टनावरचा मजकूर उभ्यानं वाचतात आणि जगानं या माणसांवर केलेल्या अन्यायाबद्दल हळहळत पोहे खातात. तबकडी लावत नाहीत. कलम चार स्पष्ट आहे : सदस्यांनी ऐकलेला संगीतकार उपेक्षित राहत नाही. (मागं सुई तपासताना मनोहररावांच्या हातून एक जण वाजला. त्याला यादीतून काढावं लागलं.)

अडचण कुंताबाईंची होती. एकाहत्तर साली हिंगणघाटच्या शाळेत रुजू झाल्या, तेव्हा नागपूरहून आणलेली तबकडी त्यांनी पंचवीस वर्षं ऐकली. (सदस्यत्वापूर्वीचं ऐकणं माफ असतं.) मग घरचं यंत्र मोडलं, तबकडी मंडळाला दिली. आता डावा कान गेला होता आणि उजव्याला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती.

"प्रभाकरराव, मले एकदा ऐकू द्या. दुसरी बाजू. अठरा मिनिटं."

"बाई, तुम्ही मास्तरीण असून नियम मोडाले सांगून राह्यल्या?"

अर्ज उपसमितीकडे गेला. तीन बैठकांनंतर शिफारस आली : ऐकू येणं पूर्ण थांबल्यावर बाईंनी खुशाल ऐकावं, म्हणजे कलम चारचा भंग होणार नाही.

पुढच्या रविवारी कुंताबाईंनी पुसायला म्हणून तबकडी घेतली आणि लावून दिली. सदस्यांनी एकमतानं कानांवर हात ठेवले. बाईंनी उजवा कान पुढं केला. सनईच्या नात्यातलं ते लाकडी वाद्य नेहमीसारखं उशिरा शिरलं, आणि व्हायोलिनांनी सरकून त्याला जागा दिली. आठव्या मिनिटाला प्रभाकररावांचा एक हात पोह्यांकडे गेला, तो कानावर परतलाच नाही.

"हे असं हाये होय? सांगतलं काऊन नाई, बाई?"

"पाच वर्षं काय सांगून राह्यली मी? बसा आता चुपचाप."

दोघांचंही सदस्यत्व ऐकल्याच्या कारणावरून रद्द झालं. मंडळ मनोहररावांकडे हललं. प्लेयर मागं राहिला, तो कुणाला आठवला नाही.

सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. इथवर वाचताना तबकडीवर कोण होतं, हे आपल्याला एकदाही विचारावंसं वाटलं नसेल, तर अर्जाची गरज नाही. आपलं नाव नोंदवून घेतलेलं आहे.