चार इंच

भाषांतरकार यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं इंग्रजीतून मराठी करत. ऑफिसात एकेक वाक्य सुटं हाती यायचं, आगापीछा काही नसे. तरी त्यातलं ‘इट’ म्हणजे झाकण की नळी, हे आपण झटक्यात ओळखतो असं ते चारचौघांत ऐटीत सांगत. बायको नुसती मान डोलवायची.

एक दिवस बायकोच्या आईचं सागवानी कपाट त्यांच्या भाड्याच्या घरी आलं आणि आतल्या खोलीच्या दारात अडकलं. आई गेल्यावर तिच्यासाठी उरलेली ही एकच वस्तू, त्यामुळे तिचा जीव कपाटात. घरमालक तळमजल्यावर राहत. मराठी छान बोलत, पण परवानगी द्यायची तर ती कागदावर आणि इंग्रजीतच, हा त्यांचा शिरस्ता. अडचण कानावर घालताच त्यांची चिठ्ठी आली. कपाटाला दाराची चौकट अरुंद पडते हे खरं. ‘इट’ चार इंच कापायला माझी हरकत नाही.

भाषांतरकारांनी सवयीने शेवटचं तेवढं वाचलं. समोर कपाट आडवं पडलेलं होतंच.

“कपाट कापा म्हणतायत,” ते म्हणाले.

“नक्की?” बायकोने विचारलं.

“वीस वर्षं हेच करतोय मी.”

बोलावलेल्या सुताराने कपाटावर पेन्सिलीने रेघ मारली. ती पाहून बायकोचे डोळे भरून आले. ती तरातरा खाली गेली आणि “माझ्या आईचं कपाट कापायला सांगणारे तुम्ही कोण?” असं मालकांना सुनावून आली. पाठोपाठ निरोप आला की परवानगी रद्द.

“वहिनी, एक विचारू?” सुतार म्हणाला. “कपाट तुमचं. त्याला मालकांची परवानगी कशाला? त्यांचं तर दार आहे.”

भाषांतरकारांनी चिठ्ठी पुन्हा, या वेळी पहिल्यापासून वाचली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निमूटपणे खाली जाऊन त्यांनी माफी मागितली आणि मालकांनी लिहून दिलेली एक ओळ घेऊन वर आले.

“आता ‘इट’ विसरा, असं लिहिलंय,” ते म्हणाले.

“काय विसरायचं?” बायकोने विचारलं. “भांडण की दार?”

भाषांतरकारांनी ती ओळ उलटसुलट करून पाहिली.

“देताना हसत होते का?” सुताराने विचारलं.

“हसत होते. चहासुद्धा दिला.”

“मग भांडण,” इंग्रजीचं अक्षरही न येणारा सुतार म्हणाला आणि करवत घेऊन चौकटीकडे वळला.